गुंड्याची कटिंग आता घरीच

आमचा गुंड्या म्हणजे शी त्झू जातीचा कुत्रा. या जातीचे केस माणसासारखे वाढतच राहतात आणि पावसाळ्यात तर पोटाखाली नुसत्या गाठी. शेवटी आज क्लिपर, म्हणजे केस भादरायचं मशीन, घ्यायला गेले. दुकानदार आधी दाढीचा ट्रिमरच दाखवत होता, "चालतो हो मॅडम कुत्र्याला." नाही चालत! दाट केसांत त्याची मोटर दमते, मग तो कापायचं सोडून केस ओढत बसतो.

मी चालू करून हातात धरून बघितले. जो फार थरथरला, तो लगेच परत. पात्यांच्या नंबरांचं गणित मात्र उलटं असतं बरं का: आकडा मोठा, तितके केस बारीक. १० नंबर साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतो. मी तोच घेतला, नवशिक्या हाताला बरा.

घरी आल्यावर आधी नुसता चालू करून बाजूला ठेवला. गुंड्याने लांबूनच हुंगला, चीज खाल्लं, पुन्हा हुंगला. मग पाठीवरून क्लिपर एकदा फिरवला. पातं तापतं, म्हणून मधूनमधून मनगटाला लावून बघत होते. कानामागची गाठ कंगव्यानेच सोडवली. तिथे कात्री नाहीच, गाठीत कातडी ओढली गेलेली असते.

शेजारच्या काकू लगेच, "आमच्या पॉमेरेनियनचंही टक्कल करून दे गं!" काकू, त्याला दुहेरी केस आहेत, वर लांब आणि आत मऊ दाट, भादरले तर नीट परत येतीलच असं नाही. काकू जरा रुसल्याच.

पंजे राहिलेत. ते उद्या, आई घरी असताना. एकटीने पाय धरणं माझ्याच्याने होणार नाही.