शेवटचा आकडा

४ जून २०२४. इंदूरच्या नेहरू स्टेडियममध्ये माझी लोकसभेच्या मतमोजणीची ड्यूटी होती. मोबाइल बाहेरच ठेवलेला, टेबल कोणतं ते सकाळी कळलेलं. मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटचं सील उमेदवारांच्या एजंटांना दाखवायचं, रिझल्टचं बटण दाबायचं आणि एकेका उमेदवाराचा आकडा लिहून घ्यायचा. नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय, सगळ्यांत शेवटी येतो. एरवी तोपर्यंत कुणाचं लक्षही उरलेलं नसतं. त्या दिवशी मात्र सगळे त्याच आकड्यासाठी माना पुढे काढून उभे होते.

२९ एप्रिलला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. मग काँग्रेसने नोटाचाच प्रचार केला, रिक्षांच्या मागे पोस्टर्स लावली. भाजप सांगत होता, नोटाला मत देऊ नका.

मला सारखे आमचे रामबागेतले शेजारी काका आठवत होते. कुठल्याच पक्षाचे नाहीत. लोकसभेला भाजपच्या सुमित्राताई महाजनांना मत देत आले. ताई १९८९ ते २०१४ आठ वेळा निवडून आल्या, त्यात काकांसारख्यांचाही वाटा असणारच. विधानसभेला मात्र समोरच्या पक्षाचा माणूस बरा वाटला, तर त्याला. मे महिन्यात ते मला म्हणाले, "अरे, तराजूत एकच पारडं ठेवलंय. मी तोलू काय?" तरी १३ मेला ऊन चढायच्या आत जाऊन बोटाला शाई लावून आले. मत कुणाला दिलं, ते मी विचारलं नाही.

निकाल लागला. भाजपचे शंकर लालवानी १२,२६,७५१. नोटा २,१८,६७४. त्यानंतर बसपा, ५१,६५९. नोटा हा उमेदवार नव्हे, म्हणून मताधिक्य बसपापासून मोजलं गेलं: ११,७५,०९२. नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली असती, तरी नियमाने लालवानीच विजयी ठरले असते.

ही दोन लाख मतं काँग्रेसच्या प्रचाराची, असं बरेच जण म्हणतात. पक्षाची हक्काची मतं त्यात असतीलच. पण पोस्टर फार तर बटण कुठलं ते सांगतं. माणूस पाहून मत देणाऱ्यापुढे पारखायला दुसरा तोडीचा माणूसच नव्हता, हे मला त्याहून मोठं कारण वाटतं. लालवानींना मत देणाऱ्यांतही त्यांचं काम तोलून पाहिलेले पुष्कळ असतील, हेही तितकंच खरं.

रात्री घरी आलो तर काका ओट्यावरच बसले होते. "शेवटचा किती?" मी आकडा सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुढच्या वेळी माणूस देतील ना रे?"