चौथ्या क्रमांकाचा फोटो

जिन्यात घडलं ते फार तर दहा सेकंदांत. माझ्या तीन पायऱ्या खाली असलेल्या बाईंची बॅग एकाने हिसकावली, हातातला चाकू फिरवला आणि तो पळाला. त्या रात्री डायरीत लिहिलं ते असं : "उंच, सडपातळ, बहुधा दाढी. चेहरा नीट दिसला नाही. चाकूची मूठ निळी, तिच्यावर दोन खिळे." माणसापेक्षा मूठच जास्त पाहिली होती मी. यालाही नाव आहे, हे नंतर कळलं : शस्त्रावर खिळणारं लक्ष. 1987 मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी लोकांना उपाहारगृहातल्या एका गिऱ्हाइकाची चित्रं दाखवून त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा त्या गिऱ्हाइकाच्या हातात चेकऐवजी पिस्तूल असलं की नजर जास्त वेळ हाताकडेच जात होती.

जबाब द्यायला बसलो तेव्हा शेजारी त्याच बाई होत्या. "त्याच्या भुवईवर व्रण होता ना?" मी हो म्हणालो. खोटं नव्हतो बोलत. त्या म्हणाल्या आणि मला तो दिसायला लागला.

पाच आठवड्यांनी ओळख पटवायला बोलावलं. टेबलावर सहा फोटोंचा एक कागद. "यातला कोण?" एवढंच विचारलं. तो यात नसेलही, हे कोणी सांगितलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. त्यामुळे मी काय केलं, तर आठवणीतला चेहरा शोधायचा सोडून सहा जणांची आपापसात तुलना केली. याचे कान मोठे, तो फार जाड. उरला चौथा. "चौथा... बहुतेक," मी म्हणालो. अधिकारी हसले. "छान. आमचाही संशय त्याच्यावरच होता."

बस, त्या एका वाक्याने माझं काम झालं. बाहेर पडेपर्यंत "बहुतेक" गळून पडला होता.

पुढे कोर्टाची तारीख लागेपर्यंत आठ महिने गेले. तेवढ्यात मी ही हकिगत इतक्यांना सांगितली की ती पाठच झाली. दर वेळी प्रकाश थोडा वाढायचा, तो माझ्याकडे थोडा जास्त वेळ पाहायचा. साक्षीच्या आदल्या आठवड्यात सहज डायरी काढली आणि 'चेहरा नीट दिसला नाही' हे माझ्याच अक्षरात वाचलं. व्रणाचा तर उल्लेखच नव्हता. पोटात गोळा आला.

मग वाचत सुटलो. 1998 मध्ये गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली, मग फोटो दाखवले. खरा गुन्हेगार त्या फोटोंत नव्हताच. तरी लोकांनी कोणीतरी निवडला. ज्यांना "छान, संशयित ओळखलात" असं सांगितलं, त्यांची खात्री तर वाढलीच, शिवाय आपल्याला चेहरा नीट दिसला होता, आपलं लक्ष होतं, असंही ते सांगू लागले. मी अगदी तसाच. म्हणून तर संशयित कोण हे ठाऊकच नसलेल्या माणसाने फोटो दाखवावेत आणि साक्षीदाराची खात्री त्याच क्षणी, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, असं हे संशोधक सांगतात. साधी गोष्ट आहे, खर्चही नाही. माझ्या बाबतीत दोन्ही झालं नाही.

सरकारी वकिलांना डायरी दाखवली. ते थोडे वैतागले, पण लपवा म्हणाले नाहीत. दुसऱ्या बाजूलाही प्रत दिली गेली.

उलटतपासणीत प्रश्न आला, "हाच तो माणूस, याची किती खात्री आहे?" मी म्हणालो, "आज विचाराल तर पूर्ण. पण फोटो पाहताना 'बहुतेक' म्हणालो होतो, आणि त्या रात्री चेहरा नीट दिसला नाही असं लिहिलं होतं. मधल्या काळात मी त्याला पुन्हा पाहिलेलं नाही, म्हणजे वाढलेली खात्री कुठून आली ते तुम्हीच बघा." न्यायाधीशांनी ते सावकाश नोंदवून घेतलं. बाकावरच्या त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं.

निकाल मला कोणी कळवला नाही, मीही विचारला नाही. तो जिना आठवला की चेहरा लख्ख दिसतो, व्रणासकट. फक्त त्याच्या मागची भिंत पांढरी असते, फोटोत होती तशी.