सुट्ट्या आणि स्वेटर
थंडीच्या सुट्ट्या लागल्या की पोरं घरात आणि खर्च दारात! यंदा कुठे जायचं नाही हे आधीच सांगून टाकलं, त्यामुळे कटकट जरा कमी आहे.

आज धाकट्याचा आखूड झालेला स्वेटर उसवायला काढला. बाजूची शिवण सुटली, पण शेवटची गाठ सापडेपर्यंत डोळ्यांचं पाणी निघालं. मग मात्र लोकर सरसर सुटत गेली. थोरली ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत होती. लोकर निघते अगदी कुरळी. लडी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवली, न पिळता टॉवेलमध्ये दाबून वाळत टाकली की बऱ्यापैकी सरळ होते. टोपी आणि मोजे सहज होतील. अख्खी दुपार मोबाइलची आठवणही कुणाला झाली नाही (मला झाली, पण हात गुंतलेले!).

संध्याकाळी "हीटर लावू?" आलंच. म्हटलं, आधी एकावर एक दोन कपडे घाल, मधली हवा ऊब धरते. १५०० वॅटचा हीटर दोन तास म्हणजे ३ युनिट. तेवढ्यात ९ वॅटचा एलईडी दिवा ३३३ तास चालेल. हे गणित थोरलीने फ्रिजवर चिकटवलंय. नवरा म्हणतो, घर आहे की वीज कंपनी?