वाघिणीचं किट निवडताना आधी चाकांमधलं अंतर मोजा

ब्रिटिश रेल्वेच्या १९५०च्या दशकातल्या कोळशाच्या मालगाडीचं छोटं मॉडेल करायचं, म्हणून बारा वाघिणींची (मालडब्यांची) किटं ब्रिटनमधून पुण्याला मागवली: आठ १६ टनी पोलादी आणि चार सात फळ्यांच्या लाकडी. स्केल ओओ, म्हणजे फुटाला ४ मिमी, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी.

किट निवडताना नजर आधी डब्याच्या वरच्या भागावर जाते. मी खालून सुरुवात केली. या दोन्ही प्रकारच्या खऱ्या वाघिणी बफर (टोकांचे धक्के झेलणारे दट्टे) सोडून १६ फूट ६ इंच लांब, दोन आसांमधलं अंतर ९ फूट. मॉडेलमध्ये ते ६६ आणि ३६ मिमी होतं. जुन्या साच्यांतल्या बऱ्याच स्वस्त वाघिणी मात्र १० फुटी सांगाड्यावर बेतलेल्या, म्हणजे ४० मिमी. एकटी उभी असेल तर खपून जाते, रांगेत लगेच डोळ्यात खुपते. विक्रेत्याने हे अंतर दिलं नसेल तर मी सरळ विचारून घेतो; वरचा भाग बदलता येतो, सांगाडा नाही.

लाकडी वाघिणींची रंगीत, कोळसा कंपनीचं नाव छापलेली किटं मोहात पाडतात. पण १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच खाजगी वाघिणी एकत्र वापरात गेल्या, १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यांच्या क्रमांकाआधी 'पी' अक्षर आलं. १९५२च्या गाडीत चकचकीत अक्षरं शोभत नाहीत. उडालेला रंग, उघडं लाकूड आणि काळ्या पट्टीवर पांढरा क्रमांक हवा. म्हणून साधं, न छापलेलं किट घेतलं. स्वस्तही पडतं.

किटात चाकं असतीलच असं नाही. बारा वाघिणींना २४ आस आणि ४८ पितळी टोपी-बेअरिंग (आसाचं टोक ज्यात फिरतं त्या बारीक टोप्या) लागतात. बेअरिंग ६० घ्यावीत, कारण जमिनीवर पडलेलं सापडत नाही. चाकं १२.६ मिमी, तीन भोकांची. आस २६ मिमी, टोकदार. आखूड आस खाली गळतो, लांब आस बाजूच्या पट्ट्या फाकवतो. कपलिंग, म्हणजे वाघिणी एकमेकींना जोडणारे आकडे, तेही त्याच पार्सलमध्ये घ्यावेत: सीमाशुल्क पोस्टखर्च धरून लागतं, दोनदा मागवणं परवडत नाही. निर्यातीवर ब्रिटनचा २० टक्के व्हॅट लागत नाही, पण प्रत्येक दुकान तो आपणहून वजा करत नाही. पैसे भरण्याआधी बघून घ्यावं.

द्रव गोंद ज्वलनशील, विमान टपालाने येत नाही. इथे अॅक्रिलिकच्या पाट्या करणाऱ्यांकडे 'क्लोरोफॉर्म' या नावाने जे मिळतं ते बहुधा मिथिलीन क्लोराइड असतं. किटाचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, त्याने झटकन जोडलं जातं. बारीक कुंचल्याने, सांध्यात थेंबभर. खिडकी उघडी ठेवा, वाफ चांगली नाही.

सांगाडा जोडताना एक बाजू आधी, मग दोन्ही आस बसवून दुसरी, आणि गोंद ओला असतानाच काचेवर ठेवायचं. चारही चाकं टेकली पाहिजेत. एक उचललेलं राहिलं तर वाघीण रुळांच्या सांध्यावर हमखास रुळावरून उतरते. ब्रेकचा दांडा समोरून पाहता उजव्या टोकाकडे, दोन्ही बाजूंना. सूचनापत्रातलं चित्र एकाच बाजूचं असतं, म्हणून दुसरी बाजू उलटी लागते. माझ्या दोन वाघिणींचे दांडे काढून पुन्हा लावावे लागले.

शेवटी वजन. प्रत्येक आसाला २५ ग्रॅम, म्हणजे वाघिणीला ५०. शिशाचे छर्रे पांढऱ्या लाकूडगोंदात बसवू नयेत: शिसं गंजतं, फुगतं आणि वर्षा-दोन वर्षांत कडा फाटतात. मी लोखंडी नट एपॉक्सीने चिकटवले, वर कोळसा.