खानापूरच्या जंगलात एलेव्हेशन गेनचं गणित का फसतं

आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर मधे एका नवीन पोरानं विचारलं, बेळगाव साईडला एका दिवसात होणारा, पण जीव काढणारा ट्रेक कुठला, आणि एलेव्हेशन गेन, म्हणजे एकूण चढाई, किती? झालं, खाली ज्यानं त्यानं ॲपचे स्क्रीनशॉट टाकायला सुरुवात केली. मला त्यात लिहायचं होतं पण ग्रुपवर एवढं कोण वाचतंय, म्हणून इथं लिहितोय.

आमच्याकडं गंमत अशी आहे की डोंगराचा माथा म्हणजे जिथं गाडी पार्क करता ती जागा. बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे, तिथून जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला घाटाकडं गेलात तर चढ असा जाणवतच नाही, गाडी आपली झाडीतनं सरळ चाललेली असते, आणि मग एकदम पुढं जमीनच संपते, खाली गोवा. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि ती पूर्वेला वळून कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागराकडं जाते, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या त्याच खानापूर तालुक्यात देगावकडून निघालेली म्हादई मात्र कडा उतरून अरबी समुद्राला जाते. एकाच तालुक्यातलं पाणी दोन समुद्रांना! पूर्वेकडं उतार इतका निवांत आणि पश्चिमेला सरळ कडा, हे लक्षात आलं की इथला ट्रेक असा का असतो ते कळतं.

म्हणजे कसं, पुण्या-नाशकाकडं सकाळी गार हवेत चढायचं, किल्ला बघायचा आणि उन्हं कलताना उतरायचं. आमच्याकडं उलटं. सकाळी ताज्या पायांनी उड्या मारत खाली जायचं, आणि दुपारी दोन-तीनला, जेवण पोटात आणि बाटली अर्धी असताना, तेच सहा-सातशे मीटर परत वर चढायचं. त्यात खाली हवा कोकणातली, दमट. घाम नुसता गळतो, वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार कसं होणार? हिमालयात जाऊन आलेली, रोज सकाळी रेसकोर्सवर पळणारी माणसं या परतीच्या चढावर बसकण मारतात हे मी बघितलंय. तिथं नुसतं पाणी पिऊन भागत नाही, मीठ पाहिजे. आम्ही आमसुलाच्या सरबतात मीठ जरा जास्तच घालून नेतो, चवीला वाईट लागतं पण चढ संपेपर्यंत पिंढऱ्यांत गोळे येत नाहीत.

वेळेचा अंदाज बांधायला बरेच जण नेस्मिथ रूल वापरतात. 1892 मध्ये विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसानं तो सांगितला, दर तीन मैलाला एक तास आणि वर दर 2000 फूट चढाईला एक तास. त्याच्या डोंगरांसाठी बरोबरच असणार, तिकडं उघडे डोंगर आणि जूनमध्ये साडेसतरा तासांचा दिवस. आमच्याकडं सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांचा आणि तो येतो नेमका जूनमध्ये, म्हणजे पावसात. ट्रेकला बरा असतो तो डिसेंबर, तेव्हा उजेड जेमतेम अकरा तास, त्यातही खानापूरच्या दाट रानात साडेपाचलाच अंधारल्यासारखं होतं. त्यात कारवीतनं वाट काढत जाताना ताशी दोन किलोमीटर झाले तरी चांगलं म्हणायचं. आणि अंधारात अस्वल किंवा गवा समोर आला तर पुढं काय, ते नेस्मिथनं लिहून ठेवलेलं नाही.

पावसाचं तर विचारूच नका. खानापूर तालुक्यातल्या आमगावला 2010 साली 10,000 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला होता. आमगाव बेळगावपासून पन्नास किलोमीटरच्या आत! आणि शहराच्या दुसऱ्या बाजूला गोकाककडं वर्षभरात त्याच्या दहावा हिस्साही पडत नाही. ढग कड्याला आपटतात, तिथंच रिकामे होतात, पुढं नुसता वारा. त्यामुळं "बेळगावात ऊन पडलंय, चला निघूया" याला काडीचा अर्थ नाही. शहरात टिळकवाडीत ऊन असतं तेव्हा कणकुंबीला समोरचा माणूस दिसत नसतो.

सड्यावर धुकं उतरलं की काय होतं ते एकदा बघायला पाहिजे. जांभ्या दगडाचं सपाट पठार, ना धार, ना खिंड, ना शिखर, चारी दिशा सारख्याच. धारेवर माणूस निदान धार धरून चालतो, इथं धरायला काहीच नाही आणि कडा नेमका कुठं ते पायाखाली येईपर्यंत कळत नाही. दगडावर काळपट शेवाळाचा पापुद्रा धरलेला असतो, वाळला की खरखरीत, भिजला की साबण. आमच्या ग्रुपमधले महागडे बूट तिथं सटासट घसरतात आणि पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेल्या गावातल्या मावशी अनवाणी तरातरा पुढं जातात. जांभा पहिल्या पावसात पाणी पितो, पण जुलैपर्यंत पोट भरलेलं असतं, मग पडलेलं सगळं पाणी थेट ओढ्यात. सकाळी घोट्याएवढा असलेला व्हाळ दुपारी कमरेला लागतो, तुमच्या डोक्यावर एक थेंब न पडता, कारण पाऊस वर कड्यावर पडलेला असतो. गावात कुणी काका म्हणाले की "पाव्हणं, व्हाळाच्या पल्याड जाऊ नगासा आज," तर वाद घालायचा नाही. ते ॲप बघून सांगत नसतात.

बरं, पावसाळा टाळून एप्रिल-मे मध्ये जावं तर वळीव. दुपारपर्यंत कडक ऊन आणि तीन-चारच्या सुमाराला विजा. उघड्या सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच, त्यामुळं त्या दिवसांत दुपारच्या आत गाडीपाशी यायला पाहिजे. राजहंसगडसारखा छोटा ट्रेक असला तरी तेच.

परवानगीचं पण बघायला पाहिजे. खानापूरचं भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, कडा उतरलात की गोव्याचं म्हादई अभयारण्य सुरू, आणि वरच्या बाजूला तिळारीकडं महाराष्ट्राचं राखीव जंगल. म्हणजे एका दिवसाच्या चालीत दोन राज्यांचं फॉरेस्ट खातं सहज येतं. चौकशी आधी करा. रील बघून थेट जाणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, सकाळ सकाळ तोंड खराब होतं.

गोकाककडं अजून थोडेच लोक ट्रेकला जातात. तिकडं वालुकाश्माचे कडे आहेत, घटप्रभा 52 मीटरवरून खाली पडते, पण सावली नाही आणि उन्हाळ्यात दगड तापतो. तिकडं ऑगस्ट-सप्टेंबर झकास, नेमकं आमचं खानापूर बंद असल्यासारखं असतं तेव्हा. धबधब्याला पाणी पण असतं, कारण घटप्रभेचा पाऊस आंबोलीकडं पडलेला असतो. पावसाळ्यात पाय शिवशिवत असतील तर पूर्वेला जावा की मर्दानो, सगळ्यांनी चोर्ल्यालाच गर्दी कशाला करायची.

त्या पोराला मी शेवटी चंदगड साईड सुचवली, पारगड किंवा कलानंदीगड, नोव्हेंबरच्या शेवटी. गवत वाळलेलं असतं, ओढ्यांना पाणी असतं पण जोर नसतो, जळवा गेलेल्या असतात. सकाळी सहाला बेळगाव सोडायचं, चपाती आणि शेंगाची चटणी बांधून घ्यायची, आणि दीड वाजला की जिथं असू तिथनं मागं फिरायचं. तो म्हणाला, गेन फारच कमी दिसतोय. म्हटलं, ये तर आधी.