तुम्ही विचारलंत म्हणून: मधनंच का सोडलं

"ताई, आमच्या पोराला मधनंच सोडून गेलासा की!" हे मला कपिलतीर्थ मंडईत ऐकावं लागतं, केएमटीत (कोल्हापूरच्या सिटी बसमध्ये) ऐकावं लागतं, रंकाळ्यावर तर हमखास. ऑटिझम असलेल्या मुलांच्या बिहेवियर थेरपी सेंटरमधलं काम मी सोडलं, त्याबद्दलचं हे. आजवर प्रत्येकाला "घरची अडचण होती" म्हणून वाटेला लावलं. घरची अडचण वगैरे काही नव्हती.

तुम्हाला वाटतं पगार कमी होता. पगार असता तर कमी म्हटलं असतं. आम्हाला मिळायचे ते सेशनचे पैसे. तुम्ही तासाचे ६०० भरत होता, त्यातले १५० माझे, तेही तुमचं मूल आलं तर. मुलाला ताप आला, मामाचं लग्न निघालं, की माझा तास बुडाला. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची पातळी मी रोज बघायची. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका; पण शिरोळ-हातकणंगल्याकडची मुलं त्याच्या आधीच येईनाशी व्हायची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात माझ्या घरात पाणी शिरलं नाही, तरी त्या महिन्यांत हातात काय आलं ते विचारू नका.

कागदावर आम्ही 'कन्सल्टंट'. सकाळी मॅट पुसण्यापासून मुलांना संडासाची सवय लावण्यापर्यंत सगळं करणाऱ्या पोरी, आणि कन्सल्टंट! वर दहा टक्के टीडीएस. तो परत पाहिजे तर रिटर्न भरा. यातली खरी गोम वेगळीच आहे. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू व्हायला दहा माणसं लागतात, पीएफला वीस. मस्टरवर, म्हणजे पगारी नोकरांच्या हजेरीपटावर, होते रिसेप्शनच्या मॅडम, मावशी आणि वॉचमन. आम्ही पोरी मोजणीतच नाही, मग दहा भरणार कुठून? ईएसआयची पगाराची मर्यादा २१,०००; आमच्यातली एकही तिच्या वर जात नव्हती.

मालक वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. जागेचं भाडं होतं, आणि राग मानू नका, तुमच्यातल्या काहींची फी महिनोन्‌महिने थकलेली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ अपंगत्वांत ऑटिझम आहे, मुलाला दाखला निघतो, निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा विमा मिळतो. मिळायलाच पाहिजे. पण त्याच्यासमोर बसणारी बाई कुठल्या यादीत? सरकारच्या पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत विशेष शिक्षक आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, आम्ही नाही. या थेरपीचं प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाचं ४० तासांचं प्रशिक्षण मी ऑनलाईन केलं. २०२३ पासून ते मंडळ भारतात राहणाऱ्यांचे अर्जच घेत नाही. झालं ते.

आता तो दिवस. मुलगा अंगानं थोराड, नाव सांगत नाही. टायमर वाजला, टॅबची वेळ संपली, मी हात पुढे केला आणि त्यानं मनगटाच्या वर चावा घेतला. चावल्यावर हात ओढायचा नसतो, ओढला की कातडं फाटतं. उलट हलकेच त्याच्या तोंडाकडे दाबायचा, मग जबडा सैल पडतो. शिकवलेलं होतं, तसंच केलं. ओरडायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. ओरडलं तर चावल्यावर काहीतरी मोठं घडतं हे त्याच्या डोक्यात बसेल आणि उद्या परत चावेल. जबडा लवकर सुटेना. त्याच्या केसांत जोतिबाचा गुलाल राहिला होता, मी तो बघत बसले. सुटल्यावर सपाट आवाजात "हात खाली" म्हटलं, त्याला जमतील अशा दोन सोप्या गोष्टी करून घेतल्या आणि तास पुरा केला. मग डेटा शीट: आधी काय झालं, वर्तन काय, नंतर काय केलं. तीन रकाने, तिन्ही त्याचे. माझ्या हाताला रकाना नव्हता.

बाहेर त्याची आई स्क्रीनवर बघत होती. "ताई, लागलं न्हाई न्हवं?" मी बाही खाली ओढली आणि नाही म्हणाले. सुपरवायझर मॅडमनी फुटेज बघितलं, म्हणाल्या, "तू फार जवळ बसली होतीस." धनुर्वाताचं (टीटी) इंजेक्शन, ड्रेसिंग, गोळ्या, सगळं माझ्या पैशानं. हात सुजला म्हणून तास घेता आले नाहीत, म्हणजे तेही पैसे गेले. त्याच्यासमोर अगदी नवीन पोरगी बसवली. तिला चाव्याचं कुणी बोललं नव्हतं. मी सांगितलं, तर मलाच ऐकवलं, "नव्या मुलींना घाबरवू नकोस."

त्या मुलावर राग नाही. "अजून पाच मिनिटं" असं मागता यायला त्याला शिकायचं होतं, आणि ते शिकवणं माझंच काम होतं. पण खरं सांगते, मला त्याची भीती बसली होती. खोलीचं दार ढकलताना हात आखडायचा. तुम्हाला हे कसं सांगणार होते? तुम्ही रात्रंदिवस त्याच्याबरोबर राहता.

सुरुवातीला मीच नव्या पोरींना म्हणायची, पैसे बघायचे असतील तर बँकेत जा, ही सेवा आहे. ती मी आज समोर आली तर म्हणेल, सवयीचं माणूस बदललं की या मुलांचं शिकलेलंही मागं पडतं, हे तुला माहीत होतं. होतं माहीत. मी तिला विचारेन, सेवाच आहे तर रिसेप्शनच्या मॅडमना पगारी रजा कशी? त्यानं ती गप्प बसणार नाही. मलाही तिचं सगळं खोटं वाटत नाही.

आता दोन मुलांच्या घरी जाऊन शिकवते. पीएफ इथंही नाही. आयत्या वेळी तास रद्द केला तर अर्धे पैसे, एवढं मात्र आधीच ठरवून घेतलंय. एका घरानं कुरकुर केली, पण देतात. परत सेंटरला येणार का, असंही विचारता. मस्टरवर नाव घालणार असतील तर त्यांना फोन करायला सांगा. तरी येईनच असं आज काही सांगत नाही.