ओबुसाँ: टेपेस्ट्रीचं गाव बघायला जाणार असाल तर

फ्रान्समध्ये पॅरिस, नीस झालं की संपलं असं असेल तर ओबुसाँच्या वाटेला जाऊ नका, आधीच सांगते. मध्य फ्रान्समध्ये क्रझ नदीकाठी हे छोटंसं गाव आहे, आजूबाजूला डोंगर, गाई आणि माणसं अगदी तुरळक. पॅरिसहून गाडीने साधारण साडेचार तास लागतात. ट्रेनने लिमोजपर्यंत आरामात जाता येतं पण पुढची सोय मोजकीच, त्यामुळे टाइमटेबल बघितल्याशिवाय निघू नका, शक्यतो गाडीच भाड्याने घ्या.

इथे पाचेकशे वर्षं टेपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं, विणतायत. 1665 मध्ये राजाकडून रॉयल मॅन्युफॅक्चरचा (शाही कारखान्याचा) किताब मिळाला आणि वीसच वर्षांनी तोच राजा प्रोटेस्टंट ख्रिश्चनांच्या मागे लागल्यावर कितीतरी प्रोटेस्टंट विणकर देश सोडून गेले, म्हणजे एका हाताने दिलं नि दुसऱ्याने काढून घेतलं! धंदा पार बसला असताना 1939 मध्ये चित्रकार ज्याँ ल्युर्सा इथे आला आणि त्याने परत जान आणली, 2009 पासून तर ही कला युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

सिते दे ला तापिसरी हे म्युझियम 2016 साली सुरू झालं, निम्मा दिवस तरी द्या. आत नाटकाच्या सेटसारखी मांडणी केलीये, जुन्या टेपेस्ट्रीत कोबीसारखी अवाढव्य पानं आणि त्यातून डोकावणारे प्राणी, मी तिथेच रेंगाळले.

पण खरी मजा विणताना बघण्यात. माग आडवा, ताण्याखाली (मागावर ताणलेल्या धाग्यांखाली) डिझाइनचा कागद, आणि विणकर उलट्या बाजूने विणतो!! सुलट बाजू बघायची तर खाली छोटा आरसा धरायचा, कारण विणून झालेलं गुंडाळत जातं. अख्खं चित्र दिसतं ते मागावरून कापून काढल्यावरच. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, जिथे तो रंग तेवढ्यातच फिरते, येवल्यात पैठणीचा पदर विणताना बघितलाय त्यांना लगेच कळेल. महिन्याला जेमतेम एक चौरस मीटर होतं, म्हणून किमती ऐकून दचकू नका. डेमो कधी असतो ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

गाव स्वतः तासा-दीड तासात होतं. जुना दगडी पूल, घड्याळाचा मनोरा, वर किल्ल्याचे अवशेष (चढ आहे, बूट घाला), विणकराचं जुनं घर. बास.

खाण्याचं मात्र सांभाळा. दोननंतर किचन बंद, रविवार-सोमवार तर बरंच काही बंदच. इथला बटाट्याचा पाय (pie, म्हणजे कणकेच्या पारीत भाजलेले बटाटे) मस्त असतो पण कधीकधी त्यात मांस घालतात, व्हेज असाल तर विचारूनच घ्या. हेझलनटचा केक बिनधास्त खा, फक्त अंडं चालत असेल तर.

गाडी असेल तर दहा किलोमीटरवरचं फेलेतँ हे गावही करा. इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री कॅथेड्रलमधली प्रचंड टेपेस्ट्री तिथेच विणली होती. लोकरही तिथूनच घ्या.